वाकळीच्या पोटातलं

आमच्या माण तालुक्यात 'गोधडी' हा शब्द पुस्तकातला. घरात असायची ती वाकळ. चौथीत असताना मास्तरांनी धडा शिकवताना 'गोधडी' म्हटलं, तेव्हा मला ती काहीतरी पुण्यामुंबईची उंची वस्तू वाटली होती. घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, "आगं, तुझ्या बुडाखाली हाय ती."

पांघरायला आमच्याकडे दोनच गोष्टी, घोंगडं आणि वाकळ. घोंगडं सणगरानं विणायचं, बाजारात घासाघीस करून घ्यायचं आणि पुरुषांनी खांद्यावर टाकून मिरवायचं. त्याला किंमत होती, म्हणून त्याची नोंदही आहे. १८८५ सालच्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात घोंगडी विणणाऱ्या सणगरांची माहिती सापडते. वाकळ बाजारात जात नव्हती. ती घरातल्या फाटक्यातून व्हायची आणि घरातच फाटायची. मग तिची नोंद कुणी आणि कशाला करावी?

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या घोकल्या आणि घोकून घेतल्या. पण आमच्या भागातल्या बायकांचा इतिहास वाचायचा तर तो वाकळीत वाचावा लागतो, हे मला निवृत्तीनंतर कळायला लागलं. त्याचं श्रेय आम्हा सात जणींच्या बैठकीला. तिची गोष्ट पुढे येईलच. आधी जुन्या बैठकीविषयी सांगते.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठीच्या दशकात, वाकळा शिवायचं काम चैत्र-वैशाखात निघायचं. खळी उरकलेली, शेतात काही नाही, पाऊस यायला दीड-दोन महिने अवकाश. दुपारी भाकरतुकडा झाला की आळीतल्या बायका आमच्या सोप्यात जमायच्या. हे काम सावडीनं चालायचं. आज आमची वाकळ, ती झाली की सुताराच्या काकीची, मग तिच्या शेजारणीची. खुरपणीची सावड असते तशीच ही सुईची. कुणी किती दिवस दिले याचा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का असायचा, आणि तो बुडवणारीला पुढच्या साली बोलावणं जात नसे.

आधी सारवलेल्या जमिनीवर एक धड लुगडं अंथरायचं. हे अस्तर. चारी कोपऱ्यांवर दगड, नाहीतर पाटा-वरवंटा. त्यावर धडुती पसरायची. धोतराचे तुकडे, चोळ्यांच्या पाठी, पोरांच्या फाटक्या चड्ड्या, विटलेले पटके. खळगा राहिला तर झोपणाऱ्याच्या बरगडीला टोचणार, म्हणून आजी तळहात फिरवून फिरवून थर सारखा करायची. वरून दुसरं लुगडं. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागेवर धरायचं, आणि चार बाजूंना चौघी बसून धावदोरा सुरू. काठाकडून आत, काठाकडून आत. प्रत्येक फेरीला चौकोन लहान होत जायचा आणि बायका एकमेकींच्या जवळ सरकायच्या. शेवटी शेवटी तर चौघींची डोकी एकमेकींना लागतील इतकी जवळ. घरातलं खरं दुखणं त्याच वेळी बोललं जायचं. काठावर असताना पाऊसपाणी, भाव, कुणाची गाय व्याली. मध्यावर आल्यावर कुणाला नवरा मारतो, कुणाचे दिवस गेलेत, कुणाच्या अंगावरचं डोरलं गहाण पडलंय. आम्ही पोरी सुयांत दोरे ओवून द्यायला बसायचो. आमच्या कानांना कुणी मोजत नसे.

एक सांगते. त्या बायकांना नुसतं बसायला कुणी दिलं नसतं. रिकामी बसलेली बाई दिसली की सासूला चाळीस कामं आठवायची. पण हातात सुई असली की तोंडाला मोकळीक होती. हसणं तर इतकं चालायचं की आजोबा बाहेरून खाकरायचे. मग दोन मिनिटं शांतता, आणि पुन्हा खसखस. आजही वाकळ म्हटलं की मला उबेच्या आधी ते हसणं आठवतं.

मध्यावर चार बोटं जागा उरली की आत 'घास' ठेवायचा. भाकरीचा तुकडा, नाहीतर ज्वारीचे चार दाणे, नाहीतर एखादा पैसा. वाकळीचं पोट उपाशी ठेवून ती पांघरू नये असं म्हणत. हे आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं. पुढे कळलं की उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी लोकांच्या बायका कवंदी शिवतात, त्याही काठाकडून आत शिवत जातात आणि पोटात तांदळाचे दाणे ठेवतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे ते वंशज. कुणी कुणाचं पाहिलं, की उपाशीपोटीची भीतीच सगळीकडे सारखी, हे मी सांगू शकत नाही.

नवरात्राआधी 'दसरा काढायचा'. घरातलं सगळं पांघरूण-अंथरूण माणगंगेवर न्यायचं. पाणी असेल त्या साली नदीवर, नसेल त्या साली विहिरीवर, रांगेत. राख आणि सोडा लावून बडवायचं. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. मग खडकावर सगळ्या गावाच्या वाकळा वाळत पडायच्या. कुणाची सुई कशी चालते, कुणाच्या घरी धड लुगडं आहे आणि कुणाकडे नुसती ठिगळंच, सगळं उघड. एखाद्या सुनेला तिच्या टाक्यावरून त्या दिवशी नाव मिळायचं, ते जन्मभर चिकटायचं.

ही बैठक मोडली कशी? लोक म्हणतात टीव्ही आला, माणसं बदलली. मला ते पटत नाही. आधी कापड बदललं. सोलापूरची, इचलकरंजीची सुती लुगडी धुऊन धुऊन मऊ व्हायची आणि मरताना वाकळ व्हायची. सत्तरीच्या दशकात नायलॉनच्या साड्या खेड्यात आल्या. बायकांना त्या हव्याच होत्या, आणि का नसाव्यात? धुवायला हलक्या, वाळायला झटपट, फाटायचं नाव नाही. पण नायलॉनवर सुई सरकते, थर जागेवर राहत नाही, घाम टिपला जात नाही. त्यातच नऊवारी जाऊन गोल साडी आली, म्हणजे बाईमागे तीन वार कापड कमी. जुनेर निघायचंच बंद झालं. १९७२ च्या दुष्काळात तर उन्हाळ्याची मोकळी दुपार गेली. बायका खडी फोडायला, तलावाच्या कामावर. सावड राहिली ती पाट्या उचलायची.

आणि मग मुंबई. आमच्या घराघरातला एक तरी माणूस गिरणीत. येताना तो सवलतीतलं कापड आणायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या गावात माणसं ट्रंका घेऊन परत आली. कापड येणं थांबलं. जी माणसं आली ती दुपारी सोप्यात बसायला लागली, म्हणजे बायकांची बसायची जागाही गेली. हे असं कुठे छापलेलं मी पाहिलं नाही, पण आमच्या सोप्यापुरतं ते खरं आहे.

आता आमची बैठक. माझं माहेर आणि सासर यांत सात मैलांचं अंतर. निवृत्त झाल्यावर मी सासरच्या गावी राहायला आले. गुडघे दुखतात, वेळ जात नाही, म्हणून थोरल्या जाऊबाईंबरोबर एक दुपटं शिवायला घेतलं. नातवाचं निमित्त. ते बघून शिंप्याची सून आली, मग अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या मदतनीस बाई, मग आणखी. दोन वर्षांत सात झालो. शुक्रवारी दुपारी बसतो. शिंप्याच्या सुनेकडे मशीन आहे, पण आत आणायला बंदी. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी सासूबाईंची वाकळ आणली. वजन चार-पाच किलो तरी असेल. कडा गेलेल्या, मधून आतलं बाहेर आलेलं. त्यांचा पिंपरीचा मुलगा म्हणाला होता, "आई, हे जाळून टाक, मी ब्लँकेट आणतो." जाऊबाईंना ती जाळवेना आणि उसवायचंही धाडस होईना. सासूबाई याच वाकळीवर गेल्या. तीन शुक्रवार नुसती चर्चा झाली. चौथ्या शुक्रवारी त्यांनीच ब्लेड घेतलं.

वर फुलाफुलांची नायलॉनची साडी. ती जाऊबाईंनी स्वतः घातलेली, आठवत होतं त्यांना. खाली जाडसर, विटलेली साडी. रेशनवर मिळायची ती 'जनता' साडी. सरकारनं जनता कापडाची योजना १९७६ मध्ये काढली, म्हणजे हा थर त्यानंतरचा. त्याखाली पांढऱ्या लठ्ठ्याचे तुकडे. एकाच्या काठावर गिरणीचा शिक्का, नाव धुऊन गेलेलं, नुसते दोन आकडे राहिलेले. मामंजी गिरणीत होते. जाऊबाईंनी तो तुकडा बराच वेळ बोटानं चाचपला.

आणि त्याच्या आत एक पूर्ण, वेगळी वाकळ! जुनी वाकळ नवीच्या पोटात भरायची रीतच होती. हिचं कापड खरबरीत, धोतराचं. युद्धात १९४३ पासून कापडावर नियंत्रण आलं, लोक 'कंट्रोलचं कापड' म्हणायचे, त्यातलं असावं. अस्तर मात्र निळं हातमागाचं लुगडं, लाल काठ, मधे दंड घातलेला. म्हणजे मधला फाटका भाग काढून दोन धड टोकं जोडलेली, तीही तांदळाएवढ्या टाक्यांनी. मध्यावर उसवलं तर घास निघाला. भोकाचा पैसा! हा पैसा १९४३ ते १९४७ याच काळात पाडला गेला. आमच्यावरचं साल चिंच लावून घासल्यावर दिसलं, १९४४.

सासूबाई म्हणायच्या, गांधीबाबाचा खून झाला त्या साली मी लग्न होऊन आले. म्हणजे ही आतली वाकळ त्यांच्याही आधीची असू शकते. आणि मग मदतनीस बाईंच्या लक्षात आलं, "ह्ये बघा, ह्या वळी उलट्या वळल्यात." खरंच, चौकोन उलट्या दिशेनं आत गेले होते. जाऊबाई एकदम म्हणाल्या, "आजेसासूबाई डावऱ्या हुत्या." आजेसासूबाईंचा फोटो नाही. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी लागलं नाही. त्यांचा डावा हात तेवढा आमच्यासमोर पडला होता.

आम्ही सगळ्या हरखून बोलत होतो. एक जण गप्प होती. ती आमच्यातली सगळ्यात सुबक टाक्याची, बौद्धवाड्यातली. मला 'बाई' म्हणते. तिच्या मुलाला मी शिकवलंय. म्हणाली, "बाई, तुमच्या वाकळीला पोट हाय. आमच्या वाकळीला न्हाई."

पुढच्या शुक्रवारी तिनं ती आणली. पातळ, दोनच थर, दोन्ही मांजरपाटाचे, मधे काही नाही. तिच्या आजीची. आजीच्या सासूच्या वेळी घरातलं सगळं कापड वरचं असायचं. गावकीची कामं करायची, मरणाचे सांगावे न्यायचे, लाकडं फोडायची, आणि बदल्यात सुगीचं धान्य, शिळी भाकरी, जुनेर. मढ्यावरचं कापडसुद्धा हक्क म्हणून घ्यायचं. बाबासाहेबांनी या वतनाच्या बेडीविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं होतं; कनिष्ठ ग्रामवतनं कायद्यानं गेली १९५८ मध्ये. पण तिच्या आजीनं कायद्याची वाट पाहिली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं, त्याची बातमी गावात आली, आणि आजीनं सांगून टाकलं, आता कुणाचं धडुतं घरात येणार नाही. होतं ते सगळं ओढ्याला नेऊन जाळलं. त्या हिवाळ्यात पोरांना पांघरायला काही नव्हतं. मजुरीचे पैसे साठवून तिनं मांजरपाट विकत घेतलं आणि वाकळ शिवली. मधे भरायला जुनं काहीच नव्हतं. "आजी म्हनायची, थंडी वाजती. वाजू दे."

सोप्यात कुणी बोललं नाही. मला आमचा माहेरचा सोपा दिसत होता. ती सावडीची बैठक, ते हसणं, आणि अंगणाच्या कडेला जुनेराची वाट बघत उभी असलेली बाई. ती सोप्यात कधी आली नाही. माझ्या आठवणीत ती होती, पण या वाकळेच्या गोष्टीत मी तिला कधी धरलं नव्हतं.

जाऊबाईंनी विचारलं, "आपण हिच्यात थोडा कापूस भरूया का गं? उबदार हुईल."

"नको," ती म्हणाली. "कडा तेवढ्या शिवून द्या. आत काय घालू नका."

तेवढंच केलं. नवं मांजरपाट तालुक्याहून आणलं, जुन्याच्या रंगाला जुळावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून काढलं, आणि चौघी चार बाजूंना बसलो. एका दुपारचं काम. आम्ही दोन शुक्रवार पुरवलं. जाऊबाईंची वाकळ त्याआधीच थर होते त्याच क्रमानं परत शिवून झाली. भोकाचा पैसा आत गेला. एक कोपरा मात्र हातभर मोकळा ठेवलाय, नुसती बटणं लावून. पिंपरीचा मुलगा दिवाळीत आला तेव्हा त्यानं बटणं काढून आत हात घातला आणि आजोबांच्या शिक्क्याचा तुकडा शोधत बराच वेळ बसला.

येत्या शुक्रवारी शिंप्याच्या सुनेची पाळी आहे. तिच्याकडे नुसत्या नायलॉनच्या साड्या आहेत, त्यामुळे जाड दोरा आणि मोठ्या नाकाच्या सुया लागतील.