तत्त्वज्ञान घेऊन बी. ए.

वाडीतून अमरावती रोडने नागपूरकडे निघालं की ट्रान्सपोर्टची गोदामं मागे पडतात आणि पुढे याच रस्त्यावर विद्यापीठाचा कॅम्पस लागतो. तिथे कॉमर्स किंवा कॉम्प्युटर शिकायला जाणाऱ्या पोराला घरात कोणी अडवत नाही. ‘तत्त्वज्ञान मेजर घेतो’ म्हटलं की मात्र, ‘हे घेऊन करशील काय बाप्पा?’

हा प्रश्न तसा अलीकडचा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आला. त्याच्या देशातल्या विद्यापीठांत तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकल्याशिवाय कलाशाखेची पदवीच मिळत नसे. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये उभं राहिलं, दोन वर्षांनी मॉरिस कॉलेज आलं. दोन्ही कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे नागपूरच्या मुलाला न्याय-अन्याय काय ते कलकत्त्याच्या अभ्यासक्रमातून कळायचं. मग अलाहाबाद. स्वतःचं विद्यापीठ यायला 1923 उजाडलं. तोवर बी. ए. झालेल्याला नोकरी होती, वकिली होती; मिलसारखे इंग्रज तत्त्वज्ञ वाचून पोट कसं भरणार, असं विचारायची गरज कुणाला पडणार?

सरकारने साहेबी शिस्तीसाठी शिकवलेला विषय कुठे पोहोचेल, याचा मात्र सरकारला अंदाज नव्हता. पुण्यात आगरकरांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केलं, मिल-स्पेन्सर पचवले आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढून ते सगळं सोवळ्या-ओवळ्यावर, केशवपनावर रोखलं. शंभरेक वर्षांनी त्याच नावाचा धागा नागपूरने उचलला. तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी 1990 मध्ये सुरू केलेलं मासिक पुढे ‘आजचा सुधारक’ म्हणून ओळखलं गेलं. विवेकवाद काय मागतो, श्रद्धेला पुरावा लागतो का, यावर त्यात चाललेली भांडणं वर्गात क्वचितच होत असतील. मला तरी नागपूरच्या तत्त्वज्ञानाचं खरं पदव्युत्तर शिक्षण त्या साध्या, रंगबिंग नसलेल्या अंकांत दिसतं.

विद्यापीठाबाहेर हा विषय जोमाने वाढल्याचं आणखी जुनं उदाहरण खानदेशात आहे. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीमालकाच्या पैशावर वेदान्ताचं संशोधन! साने गुरुजी तिथे काही काळ होते. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालमधून तिथे आला.

नागपुरात 1956 च्या ऑक्टोबरनंतर प्रश्नांचीच जागा बदलली. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंकडे शिकलेल्या बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखोंसमोर धम्म स्वीकारला, आणि दुःख, नीती, समता हे शब्द वस्त्यांमध्ये बोलले जाऊ लागले. विद्यापीठात या प्रश्नांना पाली विभाग मिळाला, आंबेडकर विचारधारेचा विभाग मिळाला. तत्त्वज्ञान विभागाच्या वाट्याला उरले कांट आणि शंकराचार्य. ही वाटणी कुणी ठरवून केली असेल असं नाही. पण तिने विभागाचं नुकसान केलं, असं माझं मत आहे.

आज जे पोरगं हा विषय उघडतं, ते बहुतेक यूपीएससीसाठी. ऑप्शनलचे दोन पेपर, पाचशे गुण. अभ्यासक्रम आटोपशीर, चालू घडामोडींचा त्रास नाही. त्यात 2013 पासून सामान्य अध्ययनात नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सगळ्यांनाच आला. म्हणजे हिस्लॉपच्या काळातली सक्ती परतली, फक्त पेपर आता दिल्लीहून येतो. परीक्षा मराठीतून देता येते, नोट्स मात्र हिंदी-इंग्रजी. मराठीतूनच लिहायचं ठरवलेल्याने दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’चे 1974 सालचे तीन खंड गाठावेत. दुकानात विचारण्यात वेळ घालवू नये. आधी एखाद्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करावी.