शिळेवरचे पाखरू

वेल्ह्याहून केळदकडे जाणारी वाट पासली गावावरून जाते. तोरण्याचा प्रचंड डोंगर मागे पडतो, भातखाचरे सुरू होतात आणि पावसाळ्यात प्रत्येक ओढा काळ्या कातळावरून खळाळत उतरत असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांचा एक गट मढे घाट पाहावयास निघाला असता पासलीजवळ अशाच एका ओढ्याकाठी विसावला होता. शिदोऱ्या सुटल्या होत्या. नववीत शिकणारा एक मुलगा कातळावर हात फिरवीत म्हणाला, "सर, ह्या दगडात डायनॉसोरच्या काळातला पक्षी सापडेल का?" एकदोघे हसले. त्याने पुढे विचारले, "आणि सापडलाच, तर उत्पत्तीच्या पुस्तकाचं काय करायचं?" ह्या वेळी कुणी हसले नाही. बरोबरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी "आधी डबा संपव" असे सांगून विषय मिटविला. मीही गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला पुढे बोचत राहिले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पासलीच्या कातळात पक्षी सापडणार नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस वाहिला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा रस पसरला. त्या थरांचा हा कातळ आहे. तोरणा आणि राजगड हे त्याच थरांचे, पावसापाण्याने कोरून शिल्लक ठेवलेले माथे. हजार अंशांहून अधिक तापलेल्या रसात हाड टिकत नाही, मग पिसाची काय कथा! पूर्वेकडे विदर्भात मात्र दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीच्या काळात तळी साचली आणि त्यांच्या गाळात जीवांचे अवशेष राहिले. नागपूरजवळच्या टाकळीचे असे अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने गोळा केले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे तर डायनॉसोरची हाडेच मिळाली आहेत. परंतु पिसांसकट अखंड पाखरू जपावयाचे तर त्याहूनही बारीक गाळ आणि त्याहूनही शांत पाणी हवे. हा योग जर्मनीत बव्हेरिया प्रांतात, सोल्नहोफेन आणि आइश्टेट ह्या गावांच्या परिसरात जुळून आला.

तेथे १५ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उष्ण समुद्र होता. बेटांच्या आडोशाला खाऱ्या पाण्याची संथ सरोवरे होती. त्यांच्या तळाशी क्षार इतका साचे की मेलेले शरीर कुरतडावयास कोणी प्राणी तेथे जगत नसे. वर चुन्याचा अतिशय तलम गाळ बसत गेला आणि त्याचे पातळ, सपाट थर बनले. आपला तोरणा घडावयास तेव्हा आठ कोटींहून अधिक वर्षे अवकाश होता.

हीच चुनखडी आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही डोकावते. आलोइस झेनेफेल्डर ह्याने १७९६ च्या सुमारास शिळाछापाची कला शोधली ती ह्याच दगडावर. त्याच्या गुळगुळीत अंगावर स्निग्ध शाईने लिहावे, पाणी फिरवावे, शाईचा रूळ फिरवावा आणि कागद दाबावा. लिहिले तसे उमटते. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या शिळाछापखान्यांना उत्तम शिळा पुरविणाऱ्या खाणी ह्याच. फादर स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत. नागरी आणि मोडी हस्ताक्षर जसेच्या तसे कागदावर उतरविण्याची सोय शिळेने केली, आणि १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग शिळाछापावर काढले. पुढे राजा रविवर्मा ह्यांचा चित्रांचा छापखाना पुणे जिल्ह्यातच, मळवलीला, जर्मन कारागिरांच्या हातून चालला. पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही हा दगड आहे. 'आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका', म्हणजे शिळाछापाच्या दगडातील प्राचीन पंख.

शिळांसाठी खाणीत दगड पाने उलटावी तसा सुटा केला जाई. असेच एक पान उलटताना १८६१ साली एक सुटे पीस दिसले. हेर्मान फोन मायर ह्यांनी त्याचे वर्णन केले, आणि त्याच वर्षी पिसांसह सांगाडाही मिळाला. तो पापेनहाइमच्या डॉक्टर कार्ल हेबरलाइन ह्यांच्या हाती आला. रोग्यांकडून फीऐवजी ते खाणीतले जीवाश्म घेत असत, असे सांगतात. त्यांनी आपला संग्रह ७०० पौंडांना लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला विकला. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. म्युनिकच्या आंद्रेआस वाग्नर ह्यांनी, सांगाडा प्रत्यक्ष न पाहताच, हा सरपटणारा प्राणी आहे असे ठरवून त्याला 'कोड्यातला सरडा' अशा अर्थाचे नाव दिले. डार्विनच्या पक्षाला हा पुरावा मिळू नये ही त्यांची चिंता उघड होती. लंडनला रिचर्ड ओवेन ह्यांनी १८६३ साली तो पक्षीच असल्याचे प्रतिपादन केले. ओवेनही डार्विनचे विरोधकच! दोघा विरोधकांपैकी एकाला सरडा दिसला, एकाला पक्षी. दुसरा, अधिक सुंदर सांगाडा १८७५ च्या आसपास निघाला. ज्या खाणवाल्याला तो मिळाला त्याने तो एका गायीच्या किमतीला देऊन टाकला. काही वर्षांनी बर्लिनच्या संग्रहालयासाठी त्याचे २०,००० मार्क मोजले गेले.

प्राणी होता तरी कसा? आकाराने कावळ्याएवढा. अंगावर खरी पिसे, पंखांतील पिसांची एक बाजू अरुंद व दुसरी रुंद, उडणाऱ्या पक्ष्यांची असते तशी. परंतु चोचीच्या जागी दात असलेला जबडा, पंखात नख्यांची तीन सुटी बोटे, आणि मागे सरड्यासारखी वीसएक मणक्यांची लांब शेपटी. २०१८ साली त्याच्या पंखांच्या हाडांची क्ष-किरणांनी बारकाईने तपासणी झाली, तीवरून तो थोड्या अंतरापुरता पंख फडफडवून उडत असावा असे दिसते. मढे घाटाच्या वाटेवर पायाजवळून फर्रकन उठून पलीकडच्या झाडीत शिरणारा रानकोंबडा ज्याने पाहिला असेल, त्याला ते उड्डाण डोळ्यांपुढे आणता येईल.

आता मी ज्यासाठी लेखणी उचलली त्या शिळेकडे येतो. आइश्टेट हे संत विलिबाल्ड ह्यांचे धर्मपीठ. आठव्या शतकात हे इंग्रज संन्यासी तेथले पहिले बिशप झाले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर लगेच, १५६४ साली, तेथे सेमिनरी स्थापन झाली. भोवताली खाणीच खाणी असल्याने सेमिनरीजवळ जीवाश्मांचा मोठा संग्रह जमला. १९५१ साली वर्कर्सत्सेल गावाजवळ एक लहानगा सांगाडा निघाला. पुढे तो ह्याच संग्रहात आला. पिसांचे ठसे इतके पुसट होते की कॉम्प्सोग्नेथस नावाच्या छोट्या डायनॉसोरचे हे पिल्लू असावे, असा समज झाला. वीस वर्षे तो समज टिकला. तो ज्यांनी मोडला ते फ्रान्त्स झावर मायर हे धर्मगुरू होते आणि तेथेच निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. ऐंशीहून अधिक वयाच्या ह्या गुरुजींनी १९७३ साली हा आर्किऑप्टेरिक्स असल्याचे जाहीर केले. १९७४ साली पेटर वेल्नहोफर ह्यांनी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी मायर निवर्तले. कवटी उत्तम राहिलेला हा नमुना आइश्टेटच्या विलिबाल्ड किल्ल्यातील संग्रहालयाचे भूषण ठरला.

असा गैरसमज तेथेच झाला असे नाही. हॉलंडमधील हार्लेमच्या टेलर संग्रहालयात एक शिळा शंभरांहून अधिक वर्षे 'उडता सरडा' म्हणून पडून होती. १९७० साली अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम तेथे उडत्या सरड्यांचा अभ्यास करावयास आले. शिळा खिडकीच्या तिरप्या उजेडात धरताच त्यांना पिसांचे ठसे दिसले. सांगितले तर संग्रहालय ती पुन्हा हाती देणार नाही. न सांगता अभ्यासासाठी मागून नेली तर अप्रामाणिकपणा. ऑस्ट्रॉम सांगून मोकळे झाले. संग्रहालयाचे अधिकारी शिळा उचलून निघून गेले, तेव्हा आपण गमावले असेच त्यांना वाटले. थोड्या वेळाने ते गृहस्थ परतले. हाती बुटांचे जुने खोके, त्यात शिळा, वर सुतळी बांधलेली; "घेऊन जा, तुम्ही आमच्या संग्रहालयाचे नाव केलेत," अशा अर्थाचे काहीसे म्हणाले. ह्या कथेला एक पुस्तीही आहे. २०१७ साली नव्या तपासणीत हार्लेमचा प्राणी आर्किऑप्टेरिक्स नसून त्याच्या नात्यातला निराळाच प्राणी ठरला, आणि त्याला नाव मिळाले 'ऑस्ट्रोमिया'.

त्या मुलाचा दुसरा प्रश्न उरला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पक्षी पाचव्या दिवशी येतात आणि भूमीवर सरपटणारे जीव सहाव्या. आर्किऑप्टेरिक्सचे दात आणि शेपटी उलटा क्रम सांगतात: सरपटणारे आधी, पक्षी त्यांच्यातून. हे टाळून चालत नाही, आणि मला वाटते आपण घरी व धर्मशिक्षणाच्या वर्गात ते फार काळ टाळले. वास्तविक सृष्टीचे ते दिवस आपल्या सूर्योदय-सूर्यास्ताचे समजू नयेत, हा विचार संत ऑगस्टीन ह्यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच मांडला होता. बारावे पायस ह्यांनी १९५० च्या 'हुमानी जेनेरिस' ह्या पत्रात मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन करण्यास आडकाठी ठेवली नाही, मात्र आत्मा परमेश्वराकडूनच येतो हे बजावले. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी दुसरे जॉन पॉल ह्यांनी विज्ञान अकादमीला कळविले की, उत्क्रांती हे आता निव्वळ गृहीतक राहिलेले नाही. त्याच वर्षी चीनमधून पिसांचे आवरण असलेला पहिला डायनॉसोर जगापुढे आला. असे इतके नमुने नंतर मिळाले की पक्षी कोणता आणि डायनॉसोर कोणता, ही रेषा कोठे ओढावी ह्यावर विद्वानांत वाद झडू लागले. २०११ साली आर्किऑप्टेरिक्सला पक्ष्यांच्या पंक्तीतून उठविण्याचाही प्रयत्न झाला. आइश्टेटच्या गुरुजींनी त्या पुसट ठशांपुढे डोळे मिटले नाहीत, हे मी त्या दिवशी ओढ्याकाठी सांगावयास हवे होते.

आजवर ह्या पाखराचे चौदा सांगाडे ज्ञात आहेत. त्यांतील एक १९५६ साली मिळाला आणि काही वर्षे खाणीजवळच्या संग्रहालयात मांडलेला होता. १९७४ साली मालकाने तो परत घरी नेला आणि नंतर कुणालाही दाखविला नाही. १९९१ साली मालक वारला, तेव्हा घरात शिळा नव्हती. तिचे साचे आणि क्ष-किरण छायाचित्रे तेवढी शिल्लक आहेत.