एक पौंड धान्य आणि एक वाटी माडगं : नगर जिल्ह्यातलं ताट आणि वजनाचं ऑपरेशन

व्याख्यानमालेच्या मंडळींनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘वजन कमी करायचं ऑपरेशन आणि आपला जिल्हा’. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, ‘सर, तुम्ही तर इतिहासाचे ना?’ होय, इतिहासाचाच. शाळेत तीसेक वर्षं तोच शिकवला. आणि आज जे सांगणार आहे तेही इतिहासच आहे, फक्त तो किल्ल्यातला नाही, ताटातला आहे.

माझ्या भाचीचं तीन वर्षांपूर्वी पुण्यात हे ऑपरेशन झालं. तिच्या परवानगीनं बोलतो आहे, नाव मात्र घेणार नाही. वय तेव्हा एकतीस, वजन एकशे अठरा किलो, शुगर, गुडघे गेलेले, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. ऑपरेशननंतर पाच-सहा महिन्यांनी ती आमच्याकडे सप्ताहाला आली. सप्ताह म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीची पंगत कशी बसते ते इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलं असेल, तिथं जेवलेही असतील. आमच्या गावचा सप्ताह त्यामानानं लहान, पण रीत तीच. तर पंगतीत ही बसली, पळीभर आमटी घेतली, कोरभर भाकरी घेतली आणि ताटावर हात आडवा धरला. वाढपी म्हणाला, ‘घ्या ताई, अन्नाला नाही म्हणू नये.’ ती म्हणाली, बास. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘आगं, एवढ्यानं चिमणीचं पोट भरायचं नाही.’ तोवर बादली पुन्हा आली. चार वेळा नाही म्हणता म्हणता पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्या वेळी तिनं घेतलं, खाल्लं आणि मंडपामागं जाऊन उलटी केली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात प्रश्न आहे. डॉक्टरांनी पोट लहान केलं, ते दोन-तीन तासांचं काम. पण ‘घे की अजून’ हे जे आपल्या तोंडात बसलंय, ते कुठून आलं?

त्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागेल. आपल्या स्टेशनवरून जो दौंड–मनमाड रेल्वेमार्ग जातो, तो १८७८ साली सुरू झाला. त्याची माती दुष्काळी कामावरच्या माणसांनी टाकली आहे. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ. सरकारनं सर रिचर्ड टेम्पल यांना पाहणीला पाठवलं, तेच पुढं मुंबईचे गव्हर्नर झाले. काम करणाऱ्या माणसाला जगायला कमीत कमी किती पुरेल, याचा त्यांनी हिशोब मांडला. गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला की एवढ्यावर माती खोदणारा माणूस टिकणार नाही. आपल्या दख्खनातही मजुरी कापली तेव्हा लोक हजारोंनी कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं ते सगळं सरकारला लिहून कळवलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथं सरकारी वजनमापानं माणसाचं पोट मोजलं गेलं. आणि मोजून जे आलं ते अपमानाचं होतं. म्हणून आपल्याकडं मोजून वाढणं ही शिवी आहे. ‘त्या घरात भाकऱ्या मोजून करतात’ असं म्हटलं की त्या घराची अब्रू गेली.

पुढं १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ, मधले लहानमोठे, ते सोडून देतो. १९७२ मात्र सोडता येत नाही, कारण तो मी पाहिला आहे. मी नऊ वर्षांचा होतो, आम्ही पाथर्डी तालुक्यात. आई खडी फोडायला जायची. शाळेत आणि कामावर सुकडी मिळायची, गोडसर, कोरडी, घशात अडकणारी. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमलात आला १९७९ ला, पण त्याची पायाभरणी त्या खडीच्या ढिगांवर झाली. वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी घ्यायलाच हवं. आई तेव्हा गरोदर होती. माझी धाकटी बहीण १९७३ ची. म्हणजे भाचीची आई.

हे मुद्दाम सांगतो आहे. बहीण पुढं राहुरी तालुक्यात दिली, मुळेच्या कालव्यावर. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटर, आणि त्यात दोन जिल्हे राहतात असं मी नेहमी म्हणतो. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पावसाच्या छायेतले. उत्तरेला पाणी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहिले, ऊस आला. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तो आशियातला पहिला मानतात. दक्षिणेतली माणसं कोयता घेऊन उत्तरेत ऊस तोडायला येतात, ती आजही हडकुळीच आहेत. आणि ज्यांच्या शेतात ऊस तुटतो त्यांच्या घरी चहा असा की चमचा उभा राहावा! एका पिढीत मिलोच्या भाकरीवरून पुरणपोळीवर. अशा वेळी ‘अंगापिंडानं भरलेली’ हे कौतुक असतं. ‘खात्यापित्या घरची’ हे तर स्थळ सांगताना पहिलं वाक्य. मुलाचं बाळसं, बाईचं अंग आणि पुढाऱ्याचं पोट, तिन्हींकडं आपण एकाच नजरेनं पाहात आलो : दुष्काळ यांच्यापर्यंत पोचला नाही.

आता थोडं विज्ञान. मी डॉक्टर नाही, पण हे वाचून समजून घेतलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. म्हणजे आपली बारीक. पण त्यांची चरबी त्यामानानं घटलेली नव्हती. कमी पडलं होतं ते मांस, स्नायू. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. याच याज्ञिकांचा लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबरचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात पहिल्या महिन्यांत असलेल्या मुलांमध्ये पुढं लठ्ठपणा जास्त आढळला, असंही संशोधन आहे. यावरून माझ्या बहिणीची शुगर १९७२ मुळंच आली असा निष्कर्ष मी काढणार नाही. एका घरावरून सिद्धांत मांडायचा नसतो, मुलांना हेच शिकवलं. पण ‘तोंडावर ताबा नाही, म्हणून जाड झाली’ असं जे भाचीला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं, त्यातला खोटेपणा कळायला एवढं पुरेसं आहे.

ऑपरेशनचाही इतिहास आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळण्याची पद्धत मांडली. वजन उतरायचं, पण जुलाब, यकृताचे आजार, पुढं ती सोडून द्यावी लागली. मग आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन. त्यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलाय त्या बाया पुन्हा जाड होत नाहीत. १९६६ च्या सुमारास त्यांनी जठराचा बायपास सुरू केला. नंतर दुर्बिणीतून करता येऊ लागलं. दुसरा प्रकार स्लीव्हचा, त्यात जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, केळ्यासारखी नळी उरते. आपल्याकडं हा विषय पारावर आला तो २०११ मध्ये, नितीन गडकरींनी मुंबईत ऑपरेशन करून घेतलं तेव्हा. ‘पोट कापून घेतलं म्हणे’ अशी चर्चा मी स्वतः न्हाव्याच्या दुकानात ऐकली आहे.

भाचीचा बायपास झाला. जठराची पिशवी उरली साधारण तीस मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ, मग दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, तेही बत्तीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं. सुरुवातीच्या महिन्यांत दिवसाचं एकूण खाणं हजार उष्मांकांच्याही खाली. टेम्पलच्या एक पौंड धान्याचे होतात सोळाशेच्या आसपास! तुलना काहींना रुचणार नाही, मलाही ती नीट वाटत नाही. एकाला उपाशी ठेवलं होतं, दुसऱ्याच्या अंगात साठा होता, डॉक्टर होते, गोळ्या होत्या. पण माझ्या आईला हा फरक कसा समजवायचा? तिनं वाटीतलं पाहिलं आणि म्हणाली, ‘पैसं दिऊन पोर उपाशी मारली तुम्ही.’

आणखी एक गोष्ट. भाचीला भूकच लागेना. शास्त्रज्ञांना १९९९ मध्ये घ्रेलिन नावाचं संप्रेरक सापडलं, भूक चेतवणारं, ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भागच जातो. बायपासमध्येही आतड्याचे निरोप बदलतात. ती मला म्हणाली, ‘मामा, भूक नसली की दिवस कुठं सुरू होतो न् कुठं संपतो कळत नाही.’ ज्या घरानं तीन पिढ्या भुकेची भीती बाळगली, त्या घरातल्या पोरीला भूक नसल्याची भीती वाटत होती. आधी मन दुखलं, कंटाळा आला, की शेव-चिवड्याचा डबा असायचा. तो डबा गेला, त्याच्या जागी काय? यावर कुणी फारसं बोलत नाही. ती आता संध्याकाळी कालव्यावर चालायला जाते, पण ते जमायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षात ती पुष्कळ रडली.

गावानं काय केलं? आधी म्हणायचे, ‘किती सुटलीस गं’. पाच महिन्यांत तीस किलो उतरल्यावर म्हणू लागले, ‘काय आजार झाला?’ आपल्या भाषेत बारीक होण्याला चांगला शब्दच नाही. खंगली, वाळली, सुकली, तब्येत खाल्ली. टीबीला आपण क्षय म्हणतो, क्षय म्हणजे झिजणंच. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, तेव्हा तर शंका पक्की झाली. ते अशा ऑपरेशननंतर होतंच आणि बहुतेकदा परत येतात, पण हे कुणाकुणाला सांगणार? सासरी वेगळाच प्रश्न, ‘दुसरं कधी?’ वर्ष-दीड वर्ष गरोदर राहू नये असं डॉक्टर सांगतात. ते नवऱ्यानं सासूला सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं, पण उशिरा.

ऊस विसरून चालणार नाही. बायपासनंतर साखर एकदम आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब असं होऊ शकतं. तिला ते गुऱ्हाळावर झालं, अर्धा पेला रस घेतल्यावर. साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरात रस वर्ज्य! शिवाय एकादशी, चतुर्थी. साबुदाणा म्हणजे नुसता पिष्टमय पदार्थ, प्रथिनं जवळजवळ शून्य. तिनं उपास सोडले नाहीत, ताक आणि भिजवलेले शेंगदाणे यांवर आणले.

सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या वर्षी झाली, आणि तिची जबाबदारी आम्हा घरच्यांचीही आहे. वजन शहात्तरवर आलं, शुगरची गोळी बंद झाली, सगळे म्हणाले पोरगी बरी झाली. मग तिनं जीवनसत्त्वाच्या गोळ्याही बंद केल्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी हे बायपासनंतर जन्मभर घ्यावं लागतं, कारण अन्नाचा रस्ताच बदललेला असतो. सहा-आठ महिन्यांनी पायाला मुंग्या, चालताना तोल जायला लागला. तपासलं तर बी-१२ तळाला. इंजेक्शनं घेतली, बरंचसं सुधारलं, पण डाव्या पायाच्या बोटांची बधिरता अजून आहे. आपल्याकडं औषध म्हणजे आजारपणात घ्यायचं आणि बरं झालं की सोडायचं. इथं ऑपरेशन हा उपचाराचा शेवट नव्हता, पण तो शेवट आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

आणि आईचं काय झालं ते सांगतो. ती ऐंशीच्या पुढची आहे. एक दिवस तिनं स्वतःहून हुलग्याचं माडगं केलं. हुलगे भाजून, दळून, पाण्यात शिजवलेलं, लसूण-जिऱ्याचं. दुष्काळात घरात काही नसलं की हेच असायचं, म्हणून चांगल्या दिवसांत तिनं ते कधी केलं नव्हतं. वाटी भाचीपुढं ठेवली. हुलग्यात प्रथिनं चांगली, पातळ, पचायला सोपं. भाचीनं घोट घोट करत अर्धी वाटी संपवली. आई विचारायला गेली, ‘आणखी...’ आणि थांबली. मग उरलेली अर्धी वाटी तिनं स्वतः पिऊन टाकली.

यंदाच्या सप्ताहाला भाची पंगतीत बसली नाही. आमटीची बादली घेऊन वाढायला उभी राहिली. वाढप्याला कुणी आग्रह करत नाही. आणि ती वाढत होती तेव्हा मी बघत होतो, एका बाईनं ताटावर हात धरला, तर ही एकदाही न विचारता पुढच्या ताटाकडं गेली.

बरीच वेळ घेतली. प्रश्न असतील तर आता घेऊ.