जिराईत मुलखातील मासळीचे ताट

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने भिगवण, इंदापूर आणि टेंभुर्णी मागे टाकून मोडनिंबच्या रोखाने निघाले म्हणजे दुतर्फा ज्या खानावळी लागतात, त्यांतील कित्येकांच्या पाट्यांवर मटण-भाकरीच्या जोडीने उजनीच्या ताज्या मासळीची जाहिरात ठळक अक्षरांत केलेली असते. आणि समुद्रापासून सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या, वर्षाकाठच्या वीस-बावीस इंच पावसावर गुजराण करणाऱ्या या मुलखात मत्स्याहाराला अशी बरकत यावी, ही गोष्ट विचारी प्रवाशाला अंतर्मुख करणारी आहे. मालवणात, दिवेआगरात किंवा गोव्याच्या एखाद्या बेटावर मासळीची खानावळ असावी यात नवल नाही. तेथे समुद्र आधी, माणूस नंतर आणि खानावळ त्याच्याही नंतर, असा निसर्गाचाच क्रम आहे. माढा तालुक्यात तो क्रम निसर्गाने लावून दिलेला नाही. येथे जमीन आधी होती, तिच्यावर गावे होती, शिवारे होती. पाणी पुष्कळ मागाहून आले, आणि ते माणसांनी आणले. म्हणून या खानावळीत समोर येणाऱ्या ताटाचा इतिहास हा केवळ पाककलेचा इतिहास नाही. तो जलसंचयाचा, विस्थापनाचा आणि विस्थापितांच्या श्रमांचा इतिहास आहे, असे माझे मत आहे, आणि ते सप्रमाण मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोडनिंब हे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतील ज्वारी, बोरे आणि शेळ्या-मेंढ्या यांची उलाढाल येथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरास पोहोचली, आणि पुढे १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा चिमुकला लोहमार्ग कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत गेला, तेव्हा मोडनिंब त्या मार्गावरील एक स्थानक झाले. त्या गाडीने विठ्ठलाच्या दर्शनास निघालेले वारकरी गेले, धान्य गेले, आणि परतीच्या खेपेस मुंबईचा माल या बाजारपेठांत आला. मासळीचा संबंध त्या काळी या बाजारांशी होता तो मुख्यतः सुकटीचा आणि सुक्या बोंबलांचा. आठवडी बाजाराच्या एका कडेला, इतर मालापासून थोड्या अंतरावर, सुक्या मासळीच्या पाट्या मांडलेल्या असत. आणि कष्टकरी कुटुंबे त्यातली मूठभर सुकट तव्यावर परतून, वर मिरची नि शेंगदाण्याचा कूट घालून भाकरीशी खात. ताजी मासळी ही नदीकाठच्या गावांची मिरास होती, आणि तीही वर्षातले काही महिनेच.

परंतु भीमेच्या खोऱ्याला मत्स्यविद्या अपरिचित होती असे मात्र कोणी समजू नये. हा प्रदेश ज्यांच्या अंमलाखाली होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा जो विश्वकोशसदृश संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात मत्स्यविनोद असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांना लावावयाचे आमिष, गळ आणि दोर यांची घडण, इतक्या बारकाईने तेथे वर्णिलेली आहे, की अर्वाचीन काळी सुंदरलाल होरा यांच्यासारख्या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञाने त्या प्रकरणाचा साक्षेपाने अभ्यास केला. त्याच ग्रंथाच्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाबरोबर मासे रांधण्याच्या कृतीही येतात. दक्षिणेतल्या या कोरड्या पठारावरील राजाच्या मुदपाकखान्यात मासळीला प्रतिष्ठेचे स्थान होते, याची ही आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची साक्ष होय.

राजाचा विनोद निराळा आणि प्रजेचा उदरनिर्वाह निराळा. भीमाकाठी मासे धरण्याचे काम परंपरेने भोई आणि कोळी यांच्याकडे असे. एका हाती पालखीचा दांडा आणि दुसऱ्या हाती जाळे, अशी भोई समाजाची दुहेरी वृत्ती मराठी मुलखात सर्वत्र होती. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाही आणि उन्हाळ्यात तिचा प्रवाह खंडित होऊन जागोजागी डोह तेवढे उरत. त्या डोहांतील वांब, मरळ, शिंगाडा हीच या लोकांची शेती. मात्र तीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते, नीरा-नरसिंगपुरास नीरेला मिळून तीर्थ होते. ज्या पाण्यात एका घाटावर भाविक स्नान करी, त्याच पाण्यात दोन कोसांवर जाळे पडे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मासळीला शिवत नसे, आणि त्याचाच माळ न घातलेला शेजारी ती आवडीने खात असे. या दोन आचारांत कलह झाला नाही. दोन्ही एकाच गावकुसात, परस्परांची मर्यादा ओळखून नांदले, आणि या सहिष्णुतेचे मोल पुढे खानावळींच्या काळात अधिकच स्पष्ट झाले.

या मुलखाचा खरा शत्रू अवर्षण. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा दुष्काळातच घडते, आणि १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्या दुष्काळात रयतेच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून सरकारने जी कामे काढली, त्यांपैकी एक म्हणजे मोडनिंबच्या आसमंतातील आष्टीचा तलाव. खडी फोडणाऱ्या आणि मातीच्या पाट्या वाहणाऱ्या उपाशी माणसांनी बांधलेल्या या तलावाने शेतांना पाणी दिलेच, पण बारमाही जलाशयाच्या काठी मासळीही निपजते, हा धडाही परिसराला प्रथम दिला. पुढे शतकभराने जे विराट प्रमाणावर घडावयाचे होते, त्याची बीजे या दुष्काळी तलावात होती.

ते विराट कार्य म्हणजे उजनी. माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेले हे धरण १९८० साली पूर्णत्वास गेले आणि त्याच्या जलाशयाला यशवंतराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ यशवंतसागर हे नाव मिळाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी पोटात घेणाऱ्या या जलाशयाची विशेषता अशी, की त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ अब्ज घनफूट साठा, कालव्यांच्या दारांच्या खालच्या पातळीवर राहतो. उपयुक्त साठा संपून धरण उणे टक्क्यांत गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतात, शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते, तेव्हाही या खोल पाण्यात मासा तग धरून असतो. जो साठा पाटबंधारे खात्याच्या हिशेबी मृत गणला जातो, त्याच्याच आधाराने येथील मासेमारी बारमाही झाली. आणि बारमाही मासेमारीवाचून बारमाही खानावळ संभवत नाही.

या पाण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे स्मरण येथे केले नाही, तर हा इतिहास अपुरा राहील. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील भीमाकाठची काळीभोर जमीन आणि तिच्यावरील अनेक गावे जलाशयाखाली गेली. पळसदेवचे प्राचीन शिवालय पाण्यात बुडाले, ते पाणी उतरते तेव्हा पुन्हा दृष्टीस पडते. लोहमार्ग हलवावा लागला, आणि भीमा ओलांडणारा डिकसळचा जुना दगडी रेल्वे-पूल गाडीरस्त्याच्या कामी आला. भूसंपादनाच्या नोटिसा, मोबदल्याचे तंटे, पर्यायी जमिनींसाठी कचेऱ्यांचे हेलपाटे, यांत एका पिढीची उमेद खर्ची पडली. ज्यांच्या वाडवडिलांनी नांगराखेरीज दुसरे हत्यार धरले नव्हते, अशा कुटुंबांतील अनेकांनी आपल्याच बुडालेल्या शिवारावर होडी घालून जाळे टाकावयास आरंभ केला. भोयांचे कौशल्य शेतकऱ्याने शिकून घेतले. सूर्यास्ताच्या सुमारास पाण्यात सोडलेले जाळे पहाटेच्या अंधारात ओढावे, सापडलेली मासळी उन्हे चढण्यापूर्वी भिगवणच्या किंवा इंदापूरच्या बाजारात लिलावाला न्यावी, आणि तेथून बर्फात भरलेली खोकी पुण्या-मुंबईकडे रवाना व्हावीत, असा एक नवा दिनक्रम भीमाकाठी रूढ झाला.

जाळे टाकणारे हे शेतकरी जसे या धंद्यात नवखे, तशी जलाशयातली मासळीही बव्हंशी आगंतुक आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते वाहत्या पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून बीज बाहेरून आणून सोडावे लागते. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पजातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले, आणि त्यामुळेच देशभरच्या धरणांत मत्स्यबीज सोडणे शक्य झाले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. चिलापी, जिला शास्त्रज्ञ तिलापिया म्हणतात, ती आफ्रिकेच्या आग्नेय भागातली. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. तिची मादी अंडी आणि पिले तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे ती कोठेही फोफावते. आज खानावळीत ‘चिलापी फ्राय’ म्हणून जी बशी येते ती हीच. मूळचे वांब आणि मरळ आजही मिळतात, परंतु त्यांचा दर चढा आणि जाणकार गिऱ्हाइकाची पसंतीही त्यांनाच.

गंगेचा मासा, आफ्रिकेचा मासा आणि माणसाने अडविलेले पाणी, हे सारे नवे; ताटातले जुने ते काय, तर भाकरी आणि मसाला. या प्रांताने कोकणची नक्कल केली नाही, ही मला मोठी स्वाभिमानाची गोष्ट वाटते. येथील कालवणात नारळाचे दूध नाही, कोकमाचे आगळ नाही. कांदा आणि सुके खोबरे भाजून वाटावे, त्यात लसूण-आले, काळा मसाला किंवा घरचा येसूर घालावा, चिंचेच्या कोळाने मासळीचा उग्रपणा मोडावा आणि रस्सा असा पातळ नि झणझणीत ठेवावा की कुस्करलेल्या भाकरीने तो शोषून घ्यावा, ही येथील रीत. तळलेल्या तुकडीला हळद, मिरची, मीठ चोळून पिठात घोळवितात आणि गरम तेलात कुरकुरीत करतात. शेजारी शेंगाची चटणी, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, आणि मालदांडीच्या ज्वारीची पातळ, पांढरीशुभ्र भाकरी. हे ज्वारीचे वाणही याच मातीतले; मोहोळच्या शेतकी केंद्रात निवडपद्धतीने सिद्ध झालेल्या मालदांडी ३५-१ ने दख्खनची रब्बी शिवारे कित्येक दशके व्यापली आहेत. जी रांधण्याची पद्धत कोंबडी-बकऱ्यासाठी घराघरांत मुरलेली होती, तिनेच पाहुण्या मासळीला आपलेसे केले.

खानावळींची वाढ झाली ती धरणानंतर आणि रस्त्याच्या जोरावर. पूर्वी जो राष्ट्रीय महामार्ग ९ होता आणि आता ६५ आहे, तो चौपदरी झाल्यापासून पुण्या-सोलापूरचे अंतर वेळेच्या हिशेबाने आखडले. मालमोटारीचे चालक, कचेरीच्या कामाने निघालेले कारकून, उसाच्या बिलाचे पैसे खिशात असलेले बागायतदार आणि सुटीच्या दिवशी सहकुटुंब निघालेले शहरवासी, हे सारे एकाच पत्र्याच्या छपराखाली, एकाच प्रकारच्या बाकावर बसून जेवू लागले. गावात ज्यांच्या पंगती वेगळ्या होत्या त्यांना या साध्या खानावळीने शेजारी बसविले, हे तिचे सामाजिक कार्य मी लहान मानीत नाही. एकादशीस आणि श्रावणात गिऱ्हाईक रोडावते, आषाढी-कार्तिकीस पंढरीच्या वाटेने माणसांचा लोंढा जातो तेव्हा कित्येक चुली शाकाहारी होतात, आणि चार दिवसांनी कढईतले तेल पुन्हा तापते. जुनी मर्यादा अशा रीतीने नव्या व्यवसायातही पाळली जात आहे.

तथापि या भरभराटीवर दोन संकटे आहेत, आणि ती दोन्ही मनुष्यकृत आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत उतरते आणि यशवंतसागरात साचते. शहराची घाण निमूटपणे पोटात घेणाऱ्या याच पाण्याची मासळी शहर आवडीने मागते. दुसरे संकट बारीक विणीच्या वडाप जाळ्यांचे. त्यांत अंगठ्याएवढी पिलेही सापडतात, सोडलेले बीज वाढण्यापूर्वीच संपते, आणि नियमाने जाळे टाकणारा मच्छीमार रिकाम्या हाताने परततो. ज्या नदीला आपण चंद्रभागा म्हणून मस्तकी लावतो, तिच्याविषयी इतकी बेपर्वाई शोभत नाही.

धरणाच्या दप्तरात पाण्याची वाटणी नोंदली जाते ती शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी अशा रकान्यांत. मासळीचा रकाना त्यात मानाने यावयास हवा; जलाशयातील पाण्याची शुद्धता, जाळ्यांच्या विणीचे नियम, बीज सोडण्याचे वेळापत्रक आणि धरणग्रस्त व भोई कुटुंबांचा मासेमारीवरील अग्रहक्क, या चार गोष्टी कागदावर आणि काठावर सारख्याच दृढ झाल्या पाहिजेत. जमीन गमावलेल्या माणसांनी पाण्यातून आपला संसार पुन्हा उभा केला आणि त्या खटाटोपात एका कोरड्या मुलखाला नवे अन्न दिले; मोडनिंबच्या रस्त्यावर समाधानाने जेवून उठणारा प्रत्येक प्रवासी त्या माणसांचा ऋणी आहे, आणि ते ऋण खानावळीच्या बिलात फिटत नाही, ते नदी स्वच्छ ठेवूनच फेडावे लागते.