हिरव्या छिद्राचा इतिहास

मंडळी, संगणकाच्या डब्याची पाठ कधी निरखून पाहिली आहे का? बहुतेकांनी पाहिली नसेल. तिथं धूळ, कोळिष्टकं आणि वायरींचा गुंता. त्या गुंत्यात तीन छोटी गोल छिद्रं असतात. एक फिकट निळं, एक हिरवं, एक गुलाबी. आवाज बंद पडला की जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो, "स्पीकरची पिन हिरव्या होलमध्येच आहे ना?" मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे मला प्रश्न पडतो तो वेगळाच. हिरवंच का? आणि केव्हापासून?

या "केव्हापासून"च्या मागे लागलो आणि चांगलाच रमलो. आवाज गेल्यावर काय काय तपासावं याची एक यादी असते. पिन पाहा, स्पीकर पाहा, ड्रायव्हर पाहा, पडद्यावरच्या कर्ण्याला फुली आहे का ते पाहा. ही यादी म्हणजे संगणकातल्या आवाजाच्या इतिहासाची अनुक्रमणिकाच आहे. जिथं जिथं आवाज अडतो, तिथं तिथं कुणीतरी कुठल्यातरी साली काहीतरी नवीन जोडलेलं आहे.

सगळ्यात जुनी ती पिन. ती संगणकाची नाहीच मुळी, टेलिफोनची आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत पहिलं टेलिफोन एक्स्चेंज निघालं, आपल्या मुंबईत १८८२ साली. फोन आला की ऑपरेटर समोरच्या फळीवरच्या छिद्रात दोरीच्या टोकाची पिन खुपसून दोन माणसं जोडून द्यायची. ती पिन पाव इंच जाडीची होती. टोक, मधलं कडं आणि मागची नळी असे तिचे तीन भाग. आजही पिनेच्या भागांना इंग्रजीत हीच नावं आहेत. पुढे ट्रान्झिस्टर आले, तेव्हा हीच पिन बारीक होऊन साडेतीन मिलिमीटरची झाली. माझ्या पिढीला आठवत असेल, ट्रान्झिस्टरला एकाच कानात घालायचं बोंडूक यायचं. क्रिकेटची कॉमेंट्री चालू असताना ते बोंडूक घरातल्या एकाच्याच कानात असायचं आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि दोन्ही कानांची साडेतीन मिलिमीटरची पिन जगभर झाली. संगणकानं ती तशीच उचलली. दीडशे वर्षांचं खोड आहे हे, उगाच नाही कुठेही बसत!

आता संगणकाकडे येऊ. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. आजच्या डेस्कटॉपचा हा मूळ पुरुष. त्याला आवाज होता का? होता, पण कसला, तर डब्याच्या आत एक लहानसा स्पीकर आणि त्यातून निघणारा "पीप". कचेरीतलं यंत्र ते, त्याला गाणी कशाला? पण हा पीप बिनकामाचा मात्र नव्हता. यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करतं. त्यात काही बिघाड निघाला आणि पडदाच चालत नसेल, तर सांगायचं कसं? म्हणून पीप. एक आखूड पीप म्हणजे सगळं ठीक, वेगवेगळ्या पीपा म्हणजे वेगवेगळे आजार. डॉक्टरांना नाडी कळते तसं मेकॅनिकला पीपांवरून कळायचं. म्हणजे पीसीला आवाज दिला तो त्याचं स्वतःचं दुखणं सांगण्यासाठी. हे मला फार आवडलं.

गाणं आणलं ते बाहेरच्यांनी, आणि दोघंही संगीतातले. कॅनडातल्या क्विबेकमध्ये मार्टिन प्रेव्हेल नावाचे संगीताचे प्राध्यापक होते. त्यांच्या कंपनीचं ॲडलिब हे कार्ड १९८७ मध्ये आलं. ते संगणकात खोचलं की पीपऐवजी वाद्यांसारखे सूर निघायचे. दुसरे सिंगापूरचे सिम वाँग हू, माउथ ऑर्गन वाजवणारे गृहस्थ. त्यांनी आधी एक बोलणारा संगणक काढून पाहिला होता, तो काही चालला नाही. मग १९८९ मध्ये त्यांच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर काढलं. त्यावर ॲडलिबचे सूर तर होतेच, शिवाय माणसाचा आवाज भरून घेण्याची आणि ऐकवण्याचीही सोय होती. हे कार्ड जगभर खपलं. जानेवारी २०२३ मध्ये सिम वारले. आपल्याकडे कुणाला पत्ताही लागला नसेल.

साउंड कार्ड आलं तशी नवी दुखणीही आली. संगणकातल्या प्रत्येक भागाला प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायला एक क्रमांक लागायचा, वर्गात मुलांचे हजेरीक्रमांक असतात तसा. पहिल्या साउंड ब्लास्टरचा क्रमांक ठरलेला होता ७ आणि परंपरेनं प्रिंटरचाही ७! एका क्रमांकाला दोन पोरं "हजर" म्हणायला लागली तर मास्तर काय करणार? मग डबा उघडायचा, कार्डावरची चिमुकली टोपी (तिला जंपर म्हणतात) चिमट्यानं काढायची आणि ५ क्रमांकावर बसवायची. १९९५ च्या विंडोजनं हे काम आपल्याकडे घेतलं. कार्ड खोचा, ओळख मी पटवतो. मात्र त्यासाठी प्रत्येक कार्डाबरोबर त्याचा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम हवा. गाडी आहे, पेट्रोल आहे, पण ड्रायव्हर नाही, अशी स्थिती तेव्हापासून सुरू झाली. त्याच काळात सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जायची. जोडणाऱ्यानं ती विसरली की बाकी सगळे आवाज यायचे आणि गाण्यांची सीडी तेवढी मुकी.

१९९७ मध्ये इंटेलनं एसी-९७ नावाचा नियम केला. आवाजाची सोय मदरबोर्डावरच आली, वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही, संगणक स्वस्त झाले. आणि याच सुमारास आपलं हिरवं छिद्र जन्माला आलं बरं का. तोवर सगळी छिद्रं एकाच रंगाची असत आणि बाजूला बारीक चित्र कोरलेलं असे. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून पीसी-९९ नावाची पुस्तिका काढली. तिच्यात रंग ठरवून दिले. आवाज बाहेर जातो ते हिरवं, माइकचं गुलाबी, बाहेरचा आवाज आत घ्यायचं फिकट निळं. कीबोर्डला जांभळा, माउसला वेगळा हिरवा. आमच्यासारख्या नवशिक्यांवर उपकारच झाले. २००० नंतरच्या दशकात गावोगाव एमएस-सीआयटीची केंद्रं निघाली, तेव्हा संगणकाला कधी हात न लावलेली पोरंसुद्धा रंगाला रंग जुळवून पाच मिनिटांत संगणक जोडायची.

डब्याच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक देण्याची पद्धतही रूढ झाली. त्यातही एक गंमत होती. एसी-९७ च्या काळात पुढच्या भोकाची वायर मदरबोर्डाला जोडली नसेल, तर त्या जागी दोन जंपर लावावे लागत. ते नसले की मागचं हिरवं भोकही मुकं! पुढचं दार बंद म्हणून मागचंही बंद, असा कारभार. २००४ मध्ये एचडी ऑडिओ आलं आणि ही भानगड संपली. असो.

इथवर यंत्राचा इतिहास झाला. आता ज्याच्यामुळे मला या विषयाची गोडी लागली, त्याच्याविषयी सांगतो.

माझा एक विद्यार्थी आहे, आमच्या किन्हीराजाचाच. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. सातवीत माझ्या वर्गात होता, तेव्हा पहिल्या बाकावर बसूनही फळा दिसेना. पुढे चार-पाच वर्षांत दृष्टी पूर्ण गेली. आज तो संगणकावर वाचतो, लिहितो, बँकेचे व्यवहार करतो. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्याच्याकडे आहे.

या प्रोग्रॅमचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत टेड हेंटर नावाचे मोटरसायकल शर्यतपटू होते. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या कंपनीनं १९८९ मध्ये जॉज हा पडदावाचक काढला. उत्तम, पण महाग. मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं एनव्हीडीए नावाचा पडदावाचक लिहायला घेतला. त्याचा मित्र जेमी टे हाही अंध. हे दोघे लहानपणी संगीताच्या शिबिरात भेटलेले. (पुन्हा संगीतच!) हा प्रोग्रॅम त्यांनी फुकट दिला आणि त्याच्याबरोबर येणारा ई-स्पीक हा आवाज मराठीही वाचतो. उच्चार ऐकून माझ्यातला भाषाशिक्षक कळवळतो, तो भाग वेगळा. पण भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, तरी खेड्यातल्या पोरापर्यंत ब्रेल पुस्तकं कितीशी पोचली? हा यांत्रिक आवाज मात्र पोचला.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सकाळीच त्याचा फोन. "सर, काम्पुटर बोलूनच नाही राह्यला." एका परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, मुदतीचे दोन दिवस उरले होते. कुणाकडूनही भरून घेता आला असता, पण तो स्वतःचा फॉर्म स्वतःच भरतो. मी गेलो.

तुमचा-माझा संगणक मुका झाला तर गाणी थांबतात. त्याचा मुका झाला म्हणजे पडदाच काळा झाला. आणि दुरुस्तीच्या सगळ्या खुणा पाहा, कर्ण्यावरची लाल फुली, हलणारी हिरवी पट्टी, रंगीत भोकं! आवाज परत आणायला डोळे लागतात. ज्याला आवाजाची सगळ्यात जास्त गरज, त्याला पीसी-९९ च्या रंगांचा काडीचाही उपयोग नाही. तो बोटानं मोजतो. "तिघांतलं मधलं, सर." त्याच्या डब्यावर हिरवं मधोमध आहे.

त्यानं माझ्या आधीच निम्मी तपासणी करून ठेवली होती. स्पीकरची पिन उपसून तिच्या टोकाला बोट लावलं की "घूंऽऽ" असा आवाज येतो. वीजप्रवाहाची सेकंदाला पन्नास आवर्तनं आपल्या अंगातून पिनेत शिरतात, तोच हा घूंकार. घूंकार आला, म्हणजे स्पीकर आणि वायर ठणठणीत. मग त्यानं नम लॉकची कळ पाच सेकंद दाबून धरून पाहिली. असं केलं की ती कळ पुढे दर वेळी पीप करते. तो पीपही आला नाही. जुन्या संगणकात हा पीप आतल्या छोट्या स्पीकरमधून यायचा, त्यामुळे गाणं गेलं तरी पीप राहायचा. २००९ च्या विंडोज ७ पासून तोही साउंड कार्डाच्या वाटेनं पाठवायला लागले. म्हणजे मोठा आवाज गेला की पीपही गेला.

"सर, आता तुम्ही डोळे व्हा," तो म्हणाला. मी पडदा वाचायचा आणि त्यानं सांगायचं. उजव्या कोपऱ्यातला कर्णा दाबा. फुली आहे का? नाही. कुठल्याही प्रोग्रॅमचा आवाज शून्यावर आहे का? (२००७ च्या व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा झाला आहे.) नाही. हिरवी पट्टी हलते का? हलते! तो हसला. "म्हणजे तो बोलून राह्यला सर, पण दुसरीकडंच."

मग उलगडा झाला. आदल्या दिवशी त्याच्या भावानं जुना पडदा काढून नवा लावला होता. त्याला पडद्याची गरज नाही, पण घरातल्या पोरांना आहे. नव्या पडद्याची वायर एचडीएमआयची. २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली, चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी. संगणकाला वाटलं, आता आवाजही या पडद्यातूनच द्यायचा. त्या पडद्यात स्पीकरच नव्हते. एनव्हीडीए बिचारा आदल्या संध्याकाळपासून अखंड बोलत होता, मुक्या पडद्याच्या कानात. मी यादीतलं स्पीकरचं नाव वाचलं, त्यानं सांगितलं तसं ते मुख्य म्हणून निवडलं, आणि खोलीत तो खरखरीत मराठी आवाज घुमला. त्यानं लगेच वेग वाढवला. तो इतक्या वेगानं ऐकतो की मला एक शब्द कळत नाही. फॉर्म त्यानं त्याच दुपारी भरला.

नंतर त्यानं एक वस्तू मागवली. अजूनही बऱ्याच मदरबोर्डांवर चार पिनांची एक जागा असते, जुन्या पीप-स्पीकरसाठी राखलेली. कारखानदार हल्ली स्पीकर देत नाहीत, पण जागा ठेवतात. तिथं लावायचा चण्याएवढा बीपर थोडक्या पैशांत मिळतो. त्याच्या भावानं तो बसवला. आता संगणक सुरू केला की आधी एक आखूड पीप येतो, साउंड कार्ड, ड्रायव्हर, विंडोज यांतलं कुणीही जागं होण्याच्या आधी. तो ऐकला की तो खुर्ची पुढे ओढतो.