एक वारंवारता, एक नियम : जुन्या बिदर जिल्ह्यातून दिसणारा राष्ट्रीय ग्रिडचा इतिहास

प्रस्तावना :
१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले, तर बिदर शहर म्हैसूर राज्यात गेले. या वाटणीच्या भाषिक व प्रशासकीय परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि तिची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत अहमदपूर आणि बिदर येथील वीज दोन वेगळ्या जाळ्यांतून, दोन वेगळ्या वारंवारतांवर येत होती. ही दोन जाळी एक होण्यासाठी तारांइतकीच सामाईक नियमांची आवश्यकता का भासली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विभागीय जाळ्यांची निर्मिती :
एका समकालिक जाळ्यातील सर्व जनित्रे एकाच लयीत फिरतात. भारतात ही लय ५० हर्ट्झ मानलेली आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारता घटते, आणि ती संपूर्ण जाळ्यात घटते. म्हणजेच एका राज्याने केलेल्या जादा उचलीचा भार इतर सर्व राज्यांवर पडतो.

१९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने राज्य विद्युत मंडळांची तरतूद केली. त्यानुसार २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९६४ मध्ये देशाचे पाच विभाग कल्पून विभागीय विद्युत मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्र पश्चिम विभागात आला, म्हैसूर दक्षिण विभागात. या मंडळांचे कामकाज मुख्यतः सहमतीवर चाले. मर्यादेबाहेर वीज उचलणाऱ्या राज्याला त्याची वेगळी किंमत मोजावी लागत नसे. परिणामी मागणीच्या वेळी वारंवारता ४९ हर्ट्झखाली जाणे नित्याचे झाले.

नियमाला मूल्याची जोड :
१९९८ च्या कायद्याने केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचा मार्ग मोकळा झाला आणि २००० मध्ये भारतीय विद्युत ग्रिड संहिता लागू झाली. खरा बदल मात्र उपलब्धताधारित दरपद्धतीने घडविला. ती सर्वप्रथम पश्चिम विभागात १ जुलै २००२ रोजी अंमलात आली. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वीज घेतल्यास त्या वेळच्या वारंवारतेनुसार दर आकारला जाऊ लागला. वारंवारता जितकी कमी, तितका दर अधिक. जी शिस्त बैठकांतील ठरावांनी आली नाही, ती देयकाने येऊ लागली. संहितेतील मान्य पट्टाही क्रमशः अरुंद होत गेला : प्रारंभी ४९.० ते ५०.५ हर्ट्झ, २०१४ मध्ये ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ.

युरोपशी तुलना :
पश्चिम युरोपातील देशांनी १९५१ पासून आपल्या जाळ्यांच्या समन्वयासाठी संघटना उभारली होती. तेथेही नियम दीर्घकाळ परस्परसंमतीवर आधारलेले होते. ४ नोव्हेंबर २००६ रोजी जर्मनीत एम्स नदीवरील वाहिनी एका जहाजाला वाट देण्यासाठी बंद केली असता युरोपचे जाळे तीन तुकड्यांत विभागले आणि सुमारे दीड कोटी घरांचा पुरवठा खंडित झाला. २००९ मध्ये युरोपीय संघाने वीज व नैसर्गिक वायू या दोन्ही जाळ्यांसाठी बंधनकारक संहिता तयार करण्याची कायदेशीर चौकट स्वीकारली. तेथे सार्वभौम राष्ट्रांना एका नियमाखाली आणावयाचे होते. आपल्याकडे वीज हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने केंद्राला कायदा करता आला. परंतु राज्यांकडून त्याचे पालन करून घेणे सोपे नव्हते.

याची प्रचीती ३० व ३१ जुलै २०१२ रोजी आली. पहिल्या दिवशी उत्तर विभागाचे, तर दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य या तिन्ही विभागांचे जाळे कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश बाधित झाला. पश्चिम विभाग वाचला. संहिता अस्तित्वात होती. जादा उचल मात्र थांबली नव्हती. त्यानंतर नियम अधिक कठोर झाले आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीद्वारे दक्षिण विभाग उर्वरित देशाशी समकालिक झाला. रायचूर हाही जुन्या हैदराबाद राज्याचाच भाग होता, हे येथे लक्षणीय आहे. त्या दिवसापासून अहमदपूर व बिदर एकाच वारंवारतेवर आले.

समारोप :
तथापि वारंवारतेची समानता म्हणजे पुरवठ्याची समानता नव्हे. ग्रिड संहिता राज्याने किती वीज घ्यावी हे ठरविते. तुटीच्या वेळी राज्यातील कोणत्या गावाचा पुरवठा बंद करावा, हे ती ठरवीत नाही. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात वीजगळती व वसुलीच्या प्रमाणानुसार भागांची प्रतवारी करून भारनियमनाचे तास ठरविले गेले. जेथे गळती अधिक, तेथे अंधार अधिक. या निकषामागे आर्थिक तर्क होता. परंतु नियमितपणे देयक भरणाऱ्या ग्राहकालाही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा भोगावी लागली. राज्याराज्यांमध्ये ज्याने जादा उचल केली त्याने किंमत मोजावी, हे तत्त्व प्रस्थापित झाले असताना गावपातळीवर तेच तत्त्व व्यक्तीऐवजी संपूर्ण भागाला लावले गेले. म्हणून राष्ट्रीय ग्रिडचा इतिहास सोलापूरच्या उपकेंद्रापाशी संपत नाही. तालुक्याच्या गावातील रोहित्रापर्यंत त्या नियमाचा न्याय कसा पोहोचला, हे तपासल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही.