तगरीवरची अळी आणि कारवारचे तिघे

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या आवारात तगरीची दोन झाडे आहेत. एका पावसाळ्यात मुलांनी तिथून बरणीत घालून एक अळी आणली. बोटाएवढी जाड, हिरवीगार, मागच्या टोकाला आखूड शिंग आणि डोक्यामागे दोन निळे डोळे! ते खरे डोळे नव्हेत. अळीला डिवचले की ती डोके आत ओढते आणि हे ठिपके वटारल्यासारखे दिसतात. ‘ही मोठी होऊन कोण होणार?’ मुलांनी विचारले. आम्हाला सांगता येईना. (आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली!) चार दिवसांत अळी काळपट पडली, खाणे सोडून बरणीत सैरावैरा फिरू लागली. आजारी असेल असे समजून आम्ही तिला ताजी पाने देत राहिलो. ती मेली.

मुलांचा प्रश्न मात्र जुना आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडची पुष्कळ फुलपाखरे टाचणीला टोचलेल्या नमुन्यांवरूनच ओळखली जात. कोणत्या अळीचे कोणते फुलपाखरू, हे अनेकांच्या बाबतीत ठाऊक नव्हते. ते शोधले कारवारच्या तिघा सरकारी अधिकाऱ्यांनी. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून ते जकात व मीठ खात्यात गेले. बंगल्याच्या आसपासच्या उंदीर, कावळे, मुंग्यांवरचे त्यांचे गमतीदार पुस्तक १८८३ साली निघाले. त्याच वर्षी मुंबईत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते. दुसरे कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, तिसरे वनाधिकारी टी. आर. बेल.

त्यांची पद्धत साधी होती. अळी घरी आणायची, ज्या झाडावर सापडली त्याचीच पाने घालायची आणि रोज टिपण करायचे. जर्मनीत मारिया सिबिला मेरियन हिने हेच केले होते. तेराव्या वर्षी रेशमाच्या अळ्यांपासून तिने सुरुवात केली आणि १६७९ साली अळी, कोष, पतंग व खाद्यवनस्पती एकाच चित्रात दाखवणारे पुस्तक काढले. वनस्पती चित्रात आणणे, हे आम्हाला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

डेव्हिडसन-एटकिन यांच्या नोंदी सोसायटीच्या नियतकालिकात १८९० साली आल्या, आणि तिघांचा उत्तर कानडा जिल्ह्याच्या फुलपाखरांवरचा लेख १८९६-९७ मध्ये. बेल पुढे पतंगांकडे वळले. एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या तगरीवरच्या पतंगाचे कूळ त्याचाच विषय.

ही अळी कोषात जाण्याआधी रंग बदलते, झाडावरून उतरते आणि पाचोळ्याखाली शिरते. आमची ‘आजारी’ अळी पाचोळा शोधत होती!

पुढच्या पावसाळ्यात मुलांनी दोन बरण्यांत आधीच माती आणि वाळकी पाने भरली. (केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही आणि तगरीचा चीक धुऊन टाकायचा, हे बजावलेच होते.) कोष झाल्यावर पंधरवडा उलटला आणि पहिल्या बरणीत हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग बसलेला दिसला. दुसऱ्या बरणीतून मात्र माश्या निघाल्या. अळीच्या अंगात वाढणाऱ्या अशा माश्या मेरियननेही पाहिल्या होत्या. मुलांच्या वहीत त्या तारखेपुढे नुसते प्रश्नचिन्ह आहे.